खाऱ्या हवेतली बंदूक: सॉल्व्हंट आणि वंगणांचा आढावा

सिंधुदुर्गात बंदूक ही प्रामुख्याने शेतकऱ्याची वस्तू आहे. देवगडच्या हापूस बागांपासून दोडामार्गच्या नारळी-पोफळींपर्यंत माकडे, वानर आणि रानडुकरे पिकावर उतरतात आणि त्यांना हुसकावण्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना घेतलेल्या बंदुका घराघरांत पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. त्यांत ठासणीची केपाची बंदूक आहे, काडतुसाची १२ बोअरची एकनळी आहे, क्वचित कुठे .३१५ ची रायफलही आहे. एनसीसीच्या मुलांच्या हातात .२२ रायफल येते, पोलिसांकडे एसएलआर आणि इन्सास. हत्यारे निराळी, नळ्या निराळ्या, तरी साफसफाईचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: तेल कोणते लावू?

माझ्या मते या किनाऱ्यावर हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की नळीत मागे काय उरले आहे आणि ते कशात विरघळते. मालवणात नळ्या खराब होण्याचे मुख्य कारण मीठ आहे, आणि मीठ जगातल्या कुठल्याही तेलात विरघळत नाही. बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांचा आढावा घेताना ही गोष्ट मनात पक्की धरली तर निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

आधी हवेचे पाहू. खारे वारे दुपारी समुद्रावरून आत येतात ते मिठाचे सूक्ष्म कण घेऊनच. स्वच्छ, तेल लावलेले पोलाद हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली असेल तर फारसे गंजत नाही. मिठाचा थर बसला की हा हिशेब बदलतो. साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच पाणी होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्क्यांनाच पाणी ओढू लागते. मालवणात पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते, आणि उन्हाळ्यातही ती ३३ च्या खाली सहसा जात नाही. अर्थ असा, की समुद्राच्या मिठाचा डाग पडलेली नळी इथे वर्षभर ओलीच असते, हाताला कोरडी लागली तरी. घाटापलीकडे कोल्हापुरात तीच बंदूक तेवढ्याच निगेवर जास्त वर्षे टिकते ती यामुळे. आंबोलीत सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी तिथल्या बंदुकीचा शत्रू गोडे पाणी आहे. किनाऱ्यावरच्या बंदुकीला खारे पाणी सोसावे लागते आणि ते कितीतरी वाईट.

आता नळीच्या आतले. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू जळते: ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ही दारू जळून सगळीच वायू होत नाही. निम्म्याहून अधिक वजन घन राखेच्या रूपात मागे उरते, आणि त्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, सल्फाइड आणि न जळलेला कोळसा असतो. पोटॅशियम कार्बोनेट ४३ टक्के आर्द्रतेलाच पाघळते. संध्याकाळी बार काढलेली ठासणी सकाळपर्यंत तशीच ठेवली, तर मालवणच्या हवेत रात्रभरात नळीच्या भिंतीवर क्षाराचे द्रावण तयार झालेले असते. गंजाचे पहिले खड्डे इथे पडतात.

काडतुसाच्या बंदुकीतली आधुनिक, कमी धुराची दारू एवढी घाण करत नाही. तिथे धोका दुसरीकडून येतो, काडतुसाच्या बुडातल्या केपेतून. जुन्या केपांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते फुटले की पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ, आणि ते थेट नळीच्या आतल्या अंगावर फवारले जाते. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून लेड स्टिफ्नेटच्या, गंज न आणणाऱ्या केपा आल्या आणि हळूहळू त्यांचाच प्रसार झाला. पण लष्करी काडतुसांत जुना प्रकार पुष्कळ काळ चालला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथली जुनी .३०३ ची काडतुसे नेमबाजांत क्षार सोडणारी म्हणूनच ओळखली जातात. डब्यावर स्पष्ट लिहिलेले नसेल तर काडतूस क्षार सोडणारे आहे असे धरून चालावे. चुकून धरले तरी नुकसान पाच मिनिटांचे आणि वाटीभर पाण्याचे.

पाणी म्हटले की पुष्कळजण दचकतात. बंदुकीत पाणी घालायचे? ज्यांच्याकडे .३०३ रायफली होत्या त्या ब्रिटिश फौजा हेच करत. रायफलीच्या मागच्या तोंडात बसेल असे खास नरसाळे त्यांच्याकडे असे आणि गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची रीत होती. पाणी क्षार विरघळवून नेते, आणि उकळते असल्यामुळे नळी तापून उरलेले पाणी स्वतःच सुकते. मग पुल-थ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चार इंच बाय दोन इंचाची कोरडी चिंदी लावून ओढायची, ती स्वच्छ येईपर्यंत, आणि शेवटी तेलाची चिंदी. हा क्रम शंभर वर्षांत जुना झालेला नाही. ठासणीच्या बंदुकीला तर पर्यायच नाही: गरम पाणी, थोडा भांड्याचा साबण, गजाला गुंडाळलेले फडके. कान, म्हणजे केप बसते तो भाग, काढता येत असेल तर काढून वेगळा धुवावा, कारण राख तिथेच अडकते.

कोणते पाणी, हेही किनाऱ्यावर पाहावे लागते. समुद्रालगतच्या वाड्यांतल्या कित्येक विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. असे पाणी उकळले तरी त्यातले मीठ जात नाही, उलट वाफ गेल्यावर ते दाट होते. त्या पाण्याने नळी धुणे म्हणजे एक मीठ काढून दुसरे भरणे. पागोळीचे साठवलेले पाणी उत्तम. ते नसेल तर गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळते ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. एका वेळेला अर्धा लिटर पुरते. सागरी गस्तीच्या बोटीवर हत्यारावर लाटेचे पाणी उडाले तरी नियम हाच: आधी गोड्या पाण्याने पुसून मीठ काढायचे, मग कोरडे करायचे, मग तेल. मिठावर तेलाचा थर दिला की तेलाखाली गंज निवांत वाढतो.

संग्रहालयांतले लोक हे फार चांगले जाणतात. समुद्रातून काढलेली लोखंडी तोफ ते सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे बुडवून ठेवतात, कारण क्लोराइड लोखंडाच्या आत मुरलेले असते आणि ते बाहेर निघाल्याशिवाय वरून काहीही लावले तरी तोफ पापुद्रे धरून सुटत राहते. बंदुकीच्या नळीत क्लोराइड एवढे खोल जायला वेळ लागतो. तो वेळ आपण द्यायचा नाही, एवढेच आपल्या हातात आहे.

क्षार गेले की उरतो तो कोळसा, दारूचा चिकट मळ, शिसे आणि तांबे. इथून सॉल्व्हंटचे खरे काम सुरू होते. मळासाठी घासलेट हे जुने आणि चांगले सॉल्व्हंट आहे. ते तेलकट घाण सोडवते, हळू उडते, आणि पेट्रोलच्या मानाने बरेच सुरक्षित आहे. रेशनवरचे घासलेट आता दुर्मीळ झाले, म्हणून काहीजण पेट्रोल वापरतात. ते वापरू नये. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेणारी वाफ सोडते; ज्या घरात शेजारच्या खोलीत चूल किंवा गॅस पेटलेला आहे तिथे त्याची वाटी उघडी ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ. मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन, घासलेटाच्या जागी चालते. थिनर मळ लवकर काढतो, पण दस्त्याचे पॉलिशही घेऊन जातो. घासलेट असो वा टर्पेंटाइन, काम झाल्यावर मागे संरक्षक थर राहत नाही. घासलेटाने पुसून ठेवलेली बंदूक उघड्या पोलादाइतकीच उघडी असते, आणि ही चूक आपल्याकडे फार होते.

तयार बाटल्यांमध्ये हॉपीज नंबर ९ चे नाव सर्वांत जुन्यांपैकी. १९०३ साली ती अमेरिकेत बाजारात आली. जुन्या पाककृतीत नायट्रोबेंझीन होते, ते विषारी म्हणून पुढे काढले गेले. ही बाटली कोळसा आणि दारूचा मळ चांगला सोडवते, तांब्यावर तिचा परिणाम सौम्य. रायफलीत तांब्याच्या आवरणाची गोळी आट्यांना घासून तांब्याचा पातळ मुलामा सोडते आणि तो साचला की नेम बिघडतो. त्यासाठी अमोनिया असलेले सॉल्व्हंट लागते. चिंदी निळी-हिरवी झाली की तांबे निघते आहे. इथे दोन सावधगिऱ्या: अमोनिया नळीत बाटलीवर सांगितलेल्यापेक्षा जास्त वेळ ठेवायचा नाही, आणि गजाचे टोक पितळी असेल तर त्याच्यामुळेच चिंदी निळी होऊन माणूस फसतो. ज्याच्याकडे एकनळी १२ बोअर आहे त्याला तांब्याच्या सॉल्व्हंटची गरजच नाही. त्याच्या नळीत शिसे आणि प्लास्टिकच्या बुचाचा लेप बसतो, तो सॉल्व्हंटपेक्षा ब्राँझच्या ब्रशने लवकर निघतो. शिसे पुसलेल्या चिंध्या चुलीत जाळू नयेत आणि हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नयेत, हे घरात मुले असतील तर फारच जपावे.

बॅलिस्टॉल हे १९०४ चे जर्मन तेल. आपल्या किनाऱ्याला ते मला सर्वांत जुळणारे वाटते, कारण ते पाण्यात मिसळते. पाण्याबरोबर घोटले की दुधासारखे पांढरे होते. ते पाणी क्षार विरघळवते, तेल मळ सोडवते, आणि पाणी उडून गेल्यावर तेलाचा पातळ थर मागे राहतो. ठासणीच्या बंदुकीला याहून सोयीचे काही नाही. ते आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळाले तर महाग पडते, पण गरम पाणी आणि मग चांगले तेल या जोडीने तेच काम होते, फक्त दोन पायऱ्यांत.

घरातल्या तेलांकडे वळण्याआधी एक इतिहास आठवावा लागतो, कारण वंगणाच्या निवडीवरून या देशात एवढा मोठा भडका दुसरा उडालेला नाही. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल तोंडाकडून भरायची होती. आट्यांतून गोळी खाली सरकावी आणि काळ्या दारूची राख मऊ राहावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी आणि मेण लावत. चरबी कोणाची, यावरून शिपायांत संशय पसरला आणि जानेवारी १८५७ मध्ये शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे अशी मुभा देण्यात आली. तोवर उशीर झाला होता. तांत्रिक बाजू पाहिली तर शिपायांची मेण-तेलाची मागणी अगदी योग्य होती: मेण आणि वनस्पती तेल चरबीचे काम पुरेपूर करते. काळ्या दारूसोबत खनिज तेल मात्र डांबरासारखा कडक थर करते. म्हणून आजही ठासणीच्या नळीत बार भरण्याआधी खनिज तेलाचा अंश कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावा लागतो.

पण गोळी सरकवण्यासाठी चांगले ते नळी साठवण्यासाठी चांगले असतेच असे नाही. खोबरेल आपल्याकडे केसांपासून कुलपापर्यंत सगळ्याला लागते. ते लवकर सडत नाही हे खरे, पण २४ अंशांच्या आसपास गोठते, आणि पौष-माघातल्या रात्री चापाच्या यंत्रात गोठलेले खोबरेल घोड्याची चाल जड करते. शिवाय हवेशी आणि पाण्याशी संबंध येऊन त्यात मुक्त आम्ले वाढतात. जवसाचे तेल हवेत सुकून कातडी धरते. दस्त्याच्या लाकडाला ते उत्तम, यंत्रात घातले तर सगळे चिकटून बसते. होड्यांच्या लाकडाला लावायचे माशाचे तेल, उंडीचे तेल हे लाकडासाठी आहेत, पोलादासाठी नव्हेत. कोकमाचे तेल टाचांना लावावे. आणि कोकमाच्या आगळाने किंवा चिंचेने पितळ घासतात तसे नळी घासण्याचा मोह टाळावा: नळीवरची निळसर-काळी झाक हाही लोखंडाचाच ऑक्साइड आहे, आम्ल तो गंजाबरोबर काढून टाकते.

खनिज तेलांत ब्रिटिशांच्या काळी रंगून ऑइलचे नाव होते. ब्रह्मदेशातल्या खनिज तेलापासून बनलेले हे तेल बंदुकीच्या पेटीत असायचेच. आज त्याची जागा घराघरातल्या शिलाई मशीनच्या तेलाने घेतली आहे. ते शुद्ध आणि पातळ असते, चापाच्या यंत्रात एक थेंब घालायला अगदी चांगले. पण नळीवर ते टिकत नाही. खाली ओघळते आणि पंधरवड्यात वरचा भाग उघडा पडतो. सर्वांत वाईट निवड म्हणजे गाडीतून काढलेले जळके इंजिन ऑइल. त्यात आम्ले, ओलावा आणि धातूचे कण असतात. ताजे इंजिन ऑइल त्यापेक्षा पुष्कळ बरे, त्यात गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात, फक्त ते जाड असते म्हणून पातळ थर द्यावा.

डब्ल्यूडी-४० बद्दल इथे दोन टोकाची मते ऐकू येतात. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोत ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या कवचावरचे पाणी हटवण्यासाठी बनले, आणि त्याचे खरे काम आजही तेच: पाणी ढकलणे. धुतलेल्या, ओलसर नळीवर, कोनाकोपऱ्यांत, ते फवारावे, पुसावे, आणि लगेच वर टिकणारे तेल द्यावे. त्यातले सॉल्व्हंट उडून गेल्यावर मागे राहणारा थर फार पातळ असतो. चार महिन्यांच्या पावसाळ्याला तो पुरणार नाही. अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकाच्या अखेरीस साफ करणे, वंगण आणि संरक्षण ही तिन्ही कामे एका बाटलीत घालणारे सीएलपी तेल स्वीकारले. सैनिकाच्या पाठपिशवीत एकच बाटली हवी ही त्यामागची गरज होती. ते तिन्ही कामे बऱ्यापैकी करते, मात्र क्षार तेही धुऊन काढत नाही. ज्याला घरात तीन वस्तू ठेवणे शक्य आहे त्याने वेगवेगळ्या ठेवाव्यात.

साठवणुकीसाठी मला सर्वांत भरवशाचे वाटते ते वर्कशॉपमध्ये वापरायचे गंजरोधक तेल, दुकानदार ज्याला आरपी ऑइल किंवा रस्ट प्रिव्हेंटिव्ह म्हणतात. त्यातली सल्फोनेटसारखी द्रव्ये पोलादाला घट्ट धरून बसतात आणि पाण्याला धातूपर्यंत पोचू देत नाहीत. ते काही बंदुकीसाठी म्हणून विकले जात नाही, यंत्रांचे सुटे भाग कारखान्यातून निघून गंजू नयेत म्हणून विकले जाते. पण पोलाद ते पोलाद. ते न मिळाल्यास साध्या व्हॅसलिनचा पातळ हात बाहेरच्या बाजूने द्यावा.

जिथे धातूवर धातू जोराने घासतो तिथे तेलाऐवजी ग्रीस: एकनळीची बिजागरी, रायफलीच्या बोल्टचे कान. पावसात तेल धुऊन जाते, ग्रीस राहते. मालवण बंदरात ट्रॉलरच्या विंचाला लावतात ते पाणी सोसणारे मरीन ग्रीस या जागी चांगले चालते, मटाराएवढे पुरे. ग्रॅफाइटची पूड कुलपाला चालते म्हणून चापाच्या यंत्रात घालणारे आहेत. खाऱ्या हवेत ती टाळावी: ओल्या मिठाच्या सान्निध्यात ग्रॅफाइट आणि पोलाद यांची विद्युत-जोडी बनते आणि पोलाद खाल्ले जाते.

नेमबाजीच्या हत्यारांचा विचार थोडा वेगळा. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती ठरली आणि स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कांस्यपदक मिळवले, ते दोन्ही ५० मीटर रायफलीच्या प्रकारांत, म्हणजे .२२ च्या. या रायफलीत शिशाची गोळी आणि तिच्यावरचे मेणासारखे वंगण नळीत एक पातळ थर धरते आणि नेमाची एकसारखी जागा त्यावर अवलंबून असते. म्हणून तिथे कडक सॉल्व्हंट आणि वारंवार घासणे यांपेक्षा सौम्य सॉल्व्हंट, मोजक्या चिंद्या आणि मागच्या तोंडाकडूनच गज घालणे महत्त्वाचे. एअर रायफल तर आणखी नाजूक. तिच्या नळीत दारूच जळत नाही, म्हणून क्षार नाहीत, मळही फार नाही. ४.५ मिलिमीटरची फेल्टची गोळी ओढली की काम होते. सॉल्व्हंट तिच्या रबरी सीलला खाते, आणि स्प्रिंगच्या रायफलीत पेट्रोलियम तेल दाबाखाली पेट घेऊन सील व स्प्रिंग दोन्ही खराब करते.

पावसाळा आणि निवडणूक या दोन काळांत बंदुकीची खरी कसोटी लागते. आचारसंहितेत परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले जाते आणि ती तिथे आठवडेच्या आठवडे इतर बंदुकांना टेकून उभी असते. तिथे कोणी रोज पुसणार नाही, म्हणून जमा करण्याच्या आदल्या दिवशी पाण्याने क्षार काढून, पूर्ण सुकवून, आतून-बाहेरून गंजरोधक तेलाचा जाडसर थर द्यावा आणि परत मिळाल्या दिवशीच उघडून पाहावी. घरी पावसाळ्यात चामड्याच्या किंवा फेल्टच्या गवसणीत ठेवू नये. दोन्ही ओल धरतात आणि चामडे कमावतानाचे क्षारही नळीला देतात. चुलीवरच्या माळ्यावर टांगून ठेवण्याची जुनी पद्धत ऊब देते, पण धुरातली आम्लेही देते. त्यापेक्षा कुलूपबंद कपाटात छोटा दिवा किंवा हीटिंग रॉड बरा. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना कपाटातली हवा ३२ अंशांपर्यंत नेली, तर पाणी तेवढेच राहूनही आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास येते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या महिन्या-दोन महिन्यांनी तव्यावर मंद आचेवर सुकवाव्या लागतात, नाहीतर त्या ओल सोडायलाच लागतात.

सगळ्याच्या आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. ठासणीत हे डोळ्याने दिसत नाही: केप काढावी, गज नळीत सोडावा, तो किती खोल जातो ते बाहेरून नळीला लावून पडताळावे. आणि पुन्हा बार काढण्याआधी नळीतले तेल कोरड्या चिंदीने पुसून घ्यावे. तेलाने भरलेल्या नळीत दाब वाढतो, आणि जुन्या एकनळीच्या पातळ पोलादाला तेवढा दाब झेपेलच असे नाही.